कोऱ्या पानावर सही नको: शाळा व्यवस्थापन समितीत पालक आणि शिक्षकांनी मिळून निर्णय कसे घ्यावेत

जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत जाऊन शाळा व्यवस्थापन समितीची प्रोसिडिंग वही (बैठकांच्या इतिवृत्ताची वही) मागा आणि तीन गोष्टी पाहा. सगळ्या बैठकांची शाई आणि अक्षर एकसारखे आहे का? सह्यांखाली अर्धे पान मोकळे सोडले आहे का? प्रत्येक विषयापुढे ‘सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’ असेच लिहिले आहे का? तिन्हींचे उत्तर हो असेल, तर समिती कागदावर आहे आणि निर्णय मुख्याध्यापक एकटेच घेतात. बऱ्याचदा त्यांचाही नाइलाज असतो. बैठकीला कोणी येत नाही आणि वरून अहवाल मागितला जातो, म्हणून शिपाई किंवा एखादा विद्यार्थी वही घेऊन घरोघर सह्या गोळा करतो. ही सवय मोडायची तर निवडीच्या दिवसापासून सुरुवात करावी लागते.

आधी हिशेब, मग निवड

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळा सोडून प्रत्येक शाळेत ही समिती असावी लागते. किमान तीन चतुर्थांश सदस्य शाळेतल्या मुलांचे पालक हवेत, निम्म्या जागांवर महिला हव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना पटाच्या प्रमाणात जागा हव्यात. महाराष्ट्रात समिती मुख्याध्यापक सोडून १२ ते १६ जणांची असते. पालकांव्यतिरिक्त स्थानिक स्वराज्य संस्थेचा एक निवडून आलेला प्रतिनिधी, शिक्षकांनी निवडलेला एक शिक्षक आणि एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ तिच्यात असतात. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालक सदस्यांमधूनच निवडले जातात. मुख्याध्यापक पदसिद्ध सदस्य सचिव असतात, अध्यक्ष नव्हे. समितीची मुदत दोन वर्षांची.

गोंधळ होतो तो आकडेमोडीत. १२ जणांची समिती धरली तर ९ पालक आणि ३ इतर. महिला एकूण ६ हव्यात. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शिक्षणतज्ज्ञ हे तिघेही पुरुष असतील, तर ९ पालकांपैकी ६ आया लागतील. म्हणून शिक्षक प्रतिनिधी आणि ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी कोण, हे पालकसभेच्या आधीच ठरवून घ्या. नाहीतर पालकांची निवड उरकल्यावर ‘आता एक बाई कमी पडते’ म्हणून शेवटची जागा कोणाच्या तरी गैरहजर बायकोच्या नावे भरली जाते आणि बैठकीला नवरा येतो. सदस्याच्या जागी दुसऱ्या कोणी बसायचे नाही आणि बसलाच तर त्याचे मत धरायचे नाही, हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा.

प्रमाणाचेही तसेच. पट १२० असेल आणि त्यातली ४० मुले वंचित किंवा दुर्बल घटकांतली असतील, तर ९ पैकी ३ पालक त्यांचे हवेत. हा आकडा सभेआधी फळ्यावर लिहा. आकडा समोर असला की ‘आमच्या गटाचे किती, तुमच्या गटाचे किती’ ही गावकीची वाटणी मागे पडते.

एक बाब हमखास विसरली जाते. मूल शाळेतून गेले की पालकाचे सदस्यत्व संपते. सातवीपर्यंतच्या शाळेत सातवीच्या मुलाच्या वडिलांना अध्यक्ष केले, तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा निवडणूक. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पहिली ते पाचवीच्या पालकांमधून घ्या, बाकीच्या जागा सगळ्या इयत्तांत वाटा.

पालकसभेची वेळ शाळेच्या नव्हे, गावाच्या सोयीने ठरवा. बीडसारख्या भागात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गुढीपाडव्यानंतर परततात, म्हणून निवड पावसाळ्यातच उरका. शेतमजुरीच्या गावात सकाळी ११ ची सभा म्हणजे निम्म्या आयांची रोजंदारी बुडणार. संध्याकाळी साडेपाच-सहाची वेळ चालते, शहरी वस्तीत रविवार सकाळ. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकून थांबू नका. फोन बहुधा वडिलांकडे असतो आणि निरोप आईपर्यंत पोचत नाही. मुलाच्या वहीत चिठ्ठी लावा आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर घरच्यांची सही आली का ते वर्गशिक्षकांनी पाहावे.

कोणते निर्णय कोणाचे

समितीतले निम्मे भांडण कोणता निर्णय कोणाचा हे माहीत नसल्यामुळे होते. कायद्याने समितीला दिलेली मुख्य कामे तीन: शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा करून त्याची शिफारस, आणि शाळेला मिळालेल्या प्रत्येक अनुदानाच्या खर्चावर लक्ष. शिक्षक नियमित आणि वेळेवर येतात का, मुले गळतात का, पोषण आहार नीट मिळतो का, शाळाबाह्य कामांत शिक्षकांचे दिवस जातात का, हे सगळे देखरेखीत येते. शेवटच्या मुद्द्यावर समिती खरे तर शिक्षकांची सर्वांत कामाची मित्र आहे. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. अशा कामाच्या आदेशाविरुद्ध मुख्याध्यापकांनी एकट्याने पत्र लिहिण्यापेक्षा समितीचा ठराव गेला, तर त्याला वजन येते.

शिकवायची पद्धत, वर्गातली गटरचना, कोणत्या मुलाला कोणती जादा तयारी हवी, हे शिक्षकांचे क्षेत्र. पालकांनी निकाल विचारावा, तिसरीतल्या किती मुलांना परिच्छेद वाचता येतो हे विचारावे, पण ‘बाईंनी पाढे असेच घ्यावेत’ असा ठराव करू नये. काही गोष्टी समितीच्या हातात मुळीच नाहीत. शिक्षकाची बदली करणे, मुलाचे नाव कमी करणे, प्रवेशासाठी देणगी सक्तीची करणे, यांपैकी काहीही बहुमताने मंजूर झाले तरी ते बेकायदाच. बदलीची मागणी असेल तर ती गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज म्हणून जाते, ठराव म्हणून नाही.

अल्पसंख्याक आणि इतर अनुदानित शाळांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर समितीची भूमिका सल्ल्यापुरती आहे. तिथे हे आधीच स्पष्ट केलेले बरे, म्हणजे पालकांची निराशा होत नाही.

एखाद्या शिक्षकाविषयीची तक्रार बैठकीत तोंडी घेऊ नका. ती लेखी घ्यावी, अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांनी पाहावी, शिक्षकाचे म्हणणे लेखी घ्यावे, आणि पुढच्या बैठकीत फक्त काय कार्यवाही झाली ते सांगावे. वीस माणसांसमोर नाव घेऊन झापलेला शिक्षक पुढची दोन वर्षे समितीत तोंड उघडत नाही. याला अपवाद मारहाणीचा किंवा मुलांच्या सुरक्षिततेचा. अशा तक्रारीला पुढच्या बैठकीची वाट पाहायची नसते. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी वरिष्ठांना कळवायचे, आणि लैंगिक छळाचा संशय असेल तर पोक्सो कायद्याखाली पोलिसांना. त्यावर समितीत मतदान होत नसते.

बैठक: सात दिवस आधी ते सह्या होईपर्यंत

बैठक दरमहा व्हायला हवी. तारीख दर वेळी नव्याने ठरवू नका. ‘दर महिन्याचा दुसरा शनिवार’ असे वर्षाचे ठरवून टाका.

विषयपत्रिका हीच खरी सत्ता. ती मुख्याध्यापक एकट्याने काढत असतील, तर नऊ पालक असूनही निर्णय त्यांचेच राहतात. बैठकीच्या दहा दिवस आधी अध्यक्ष आणि मुख्याध्यापकांनी पंधरा मिनिटे एकत्र बसावे. किमान दोन विषय पालकांकडून आणि एक शिक्षकांकडून आलेला असावा. एकूण विषय पाचच्या वर नकोत, कारण दीड तासात पाचच नीट होतात. पत्रिका सात दिवस आधी घरी पोचवा आणि पैशाचा विषय असेल तर आकडाही तिच्यातच द्या. ‘अनुदान खर्चास मंजुरी देणे’ यावर कोणाला काही सुचत नाही. ‘५०,००० रुपये आले आहेत, कशावर खर्च करायचे’ असे लिहिले की लोक घरून विचार करून येतात.

शिक्षक प्रतिनिधी एकटाच असतो. त्याने स्वतःच्या मनाचे बोलून भागत नाही. बैठकीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत मधल्या सुट्टीत सगळ्या शिक्षकांना पत्रिका दाखवून प्रत्येक विषयावर त्यांचे म्हणणे दोन ओळींत टिपून घ्यावे, आणि बैठकीनंतर दुसऱ्या दिवशी निर्णय त्यांना सांगावा. हे केले नाही की ‘समितीने परस्पर ठरवले’ म्हणून शिक्षक कामाला हात लावत नाहीत.

गणपूर्ती पहिल्या बैठकीत ठरवून घ्या. निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत निम्म्याहून जास्त पालक हवेत, हा व्यवहारात चालणारा नियम. ती नसेल तर बैठक तहकूब करून आठ दिवसांत पुन्हा घ्या. वही घरोघर फिरवायची नाही.

खुर्च्या गोल मांडा. मुख्याध्यापक टेबलामागे आणि बाया सतरंजीवर, अशी रचना असेल तर काय होणार ते सांगायला नको. सूत्रसंचालन अध्यक्षांनी करायचे. त्यांना वाचायला अडचण असेल तर उपाध्यक्षांनी विषय वाचून दाखवावेत, पण ‘अध्यक्षांच्या वतीने’ म्हणून मुख्याध्यापकांनी बैठक चालवू नये. पहिला विषय नेहमी एकच: मागच्या ठरावांचे काय झाले. हा विषय टळला की तेच ठराव दर महिन्याला नव्याने होत राहतात.

निर्णय शक्यतो एकमताने घ्या. एकमत होत नसेल आणि घाई नसेल, तर विषय एकदाच पुढच्या बैठकीपर्यंत थांबवा, आणि तेव्हाही अडला तर हात वर करून मत घ्या. बाजूने किती, विरोधात किती, हे आकडे लिहा. विरोध करणाऱ्याला त्याचे कारण एका ओळीत नोंदवता आले पाहिजे. इथे एक अवघड बाब आहे. तीन चतुर्थांश पालक असल्यामुळे मतदानात शिक्षक कधीच जिंकू शकत नाहीत, आणि माहिती सगळी मुख्याध्यापकांकडे असल्यामुळे चर्चेत पालक कायम मागे पडतात. दोन्ही बाजू सांभाळायच्या तर दोन नियम करा. अभ्यासाशी संबंधित विषयावर मत घेण्याआधी शिक्षकांचे म्हणणे ऐकून ते इतिवृत्तात उतरले पाहिजे. आणि पट, हजेरी व शिल्लक रक्कम यांचे आकडे प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला फळ्यावर असले पाहिजेत.

ठराव असा लिहा

निरुपयोगी ठराव असा असतो: ‘मुलींच्या शौचालयाच्या दुरुस्तीबाबत सविस्तर चर्चा झाली. लवकरात लवकर दुरुस्ती करण्याचे सर्वानुमते ठरले.’ कोण करणार, कधी, किती पैशात, यातले काहीच कळत नाही.

तोच ठराव असा हवा: ‘ठराव क्र. ४. मुलींच्या शौचालयाचे दार व आतली कडी बदलणे आणि पाण्याची तोटी बसवणे. खर्च ६,५०० रुपयांपर्यंत, संयुक्त शाळा अनुदानातून. तीन दरपत्रके आणणे: शिक्षक प्रतिनिधी व एक पालक सदस्य, २० तारखेपर्यंत. काम पाहून घेणे: दोन महिला सदस्य. सूचक, अनुमोदक. बाजूने १०, विरोधात ०.’

इतिवृत्त बैठकीतच लिहायचे. शेवटची दहा मिनिटे त्यासाठी राखून ठेवा, ठराव मोठ्याने वाचा, मग सह्या घ्या. शेवटच्या सहीनंतर उरलेल्या जागेवर आडवी तिरकी रेघ मारा, म्हणजे नंतर काही घुसडता येत नाही. वहीच्या पानांना आधीच क्रमांक घाला. सही येत नसेल तर अंगठा, शेजारी नाव. ठरावांची प्रत सूचना फलकावर लावा. इतिवृत्त सगळ्यांना पाहायला मिळाले पाहिजे, सदस्यांपुरते नाही. मोबाइलवर पानाचा फोटो काढून पालकांच्या गटात टाकला, तर अर्ध्या अफवा तिथेच संपतात.

पैसा, गणवेश, खिचडी

समग्र शिक्षा योजनेतले संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते: ३१ ते १०० मुलांना वर्षाला २५,००० रुपये, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १००० ला ७५,०००. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात, म्हणजे ५०,००० तले ५,०००. अनुदान बऱ्याचदा हप्त्यांनी आणि उशिरा येते, आणि खर्च ३१ मार्चच्या आत दाखवायचा असतो. मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जे दुकानात मिळेल ते घेतले जाते आणि पुढच्या वर्षी कपाटात न उघडलेली खोकी सापडतात. उपाय सोपा आहे. जुलैतच पाच कामांची क्रमवार यादी ठरावाने मंजूर करून ठेवा. अर्धे पैसे आले तर वरची दोन कामे, सगळे आले तर पाचही. वीजबिलाचा अंदाज यादीत पहिला धरा. बिल थकून मीटर कापले गेले की डिजिटल वर्ग नुसता भिंतीवर टांगलेला राहतो.

कीर्द (जमाखर्चाची वही) दर बैठकीत वाचून दाखवा: आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक. चार आकडे, दोन मिनिटे. खात्याचा व्यवहार अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांच्या सहीने होतो, म्हणून अध्यक्षांनी ठराव क्रमांक आणि पावती पाहिल्याशिवाय सही करू नये. आगाऊ सह्या करून ठेवलेले कागद हे पुढच्या चौकशीचे मूळ असते, आणि त्या चौकशीत अध्यक्षाचीही सुटका होत नाही.

गणवेशाचा विषय तापतो तेवढा दुसरा कोणताच नाही. २०२४-२५ मध्ये राज्याने कापड आणि शिलाई केंद्रीय पद्धतीने केली. २०२५-२६ पासून खरेदी पुन्हा समितीकडे आली. दोन गणवेशांसाठी प्रतिविद्यार्थी ६०० रुपये, म्हणजे १२० मुलांचे ७२,०००. एवढ्या रकमेला सगळ्यांचे लक्ष असते. नमुन्याच्या कापडाचा एक फूट लांब-रुंद तुकडा दोनदा धुऊन, वाळवून, पुन्हा मोजा. इंचभर आटला किंवा पाणी रंगले तर ते कापड बाद. मापे शिंप्याने शाळेत येऊन घ्यावीत आणि ती दोन इंच वाढती धरावीत. वयावरून अंदाजाने मापे पाठवली की प्रत्येक वर्गात पाच-सहा गणवेश परत येतात. पैसे पूर्ण देण्याआधी १० गणवेश उलटे करून शिलाई पाहा, विशेषतः काख आणि चड्डीची बैठक.

पोषण आहारात प्राथमिकला दर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ आणि ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिने. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ७०० उष्मांक, २० ग्रॅम प्रथिने. चव घेण्यासाठी नऊ पालकांची पाळी लावा. ज्याची पाळी त्याने चव घेण्याबरोबरच एक गुणाकार करावा: पहिली ते पाचवीची हजर मुले ६० असतील, तर तांदूळ ६ किलो शिजायला हवा. हजेरीपत्रक, साठा नोंदवही आणि पातेले, तिन्हींत एकच आकडा असला पाहिजे. चव नोंदवहीत ‘छान’ लिहू नका. ‘वरण पातळ, मटकी कच्ची’ असे लिहा, आणि स्वयंपाकी ताईंना समोर सांगा. त्यांना बैठकीला बोलावले तर बहुतेक अडचण डाळ वेळेवर न येण्याची किंवा गॅस संपण्याची निघते.

शाळा विकास आराखडा

आराखडा तीन वर्षांचा आणि त्यात वर्षवार तीन भाग. आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तो तयार हवा. संगणकावर मागच्या वर्षीचाच आराखडा तारीख बदलून काढणे ही इथली नेहमीची पळवाट.

सप्टेंबरअखेर दोन पालक, एक शिक्षक आणि दोन विद्यार्थी यांनी शाळेतून वहीपेन घेऊन चालावे. मुलांना पुढे ठेवा. गळणारे छत मोठ्यांनाही दिसते, पण शौचालयाची कडी लागत नाही म्हणून मुली पाणीच पीत नाहीत, हे मुलीच सांगतात. मग यू-डायसमध्ये (शाळांच्या माहितीची सरकारी प्रणाली) भरलेली माहिती या यादीशी ताडून पाहा. तिथे ‘शौचालय: वापरात’ असे भरले असेल तर दुरुस्तीचा निधी मागायचा कशावरून? शिक्षकांची गरजही लिहा. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४. पट ९२ आणि शिक्षक ३ असतील तर एक कमी, एवढे स्पष्ट आकड्यांत लिहा.

मोठी दुरुस्ती शाळेच्या अनुदानात बसत नाही, ती ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालावी लागते. त्या आराखड्याची तयारी साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. आपला ठराव त्या सभेत वाचला गेला पाहिजे, आणि समितीतल्या ग्रामपंचायत सदस्याचा खरा उपयोग इथेच आहे. ठरावाची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) देऊन पोच घ्या.

विनाअनुदानित खासगी शाळांत ही समिती नसते. तिथे २०११ च्या शुल्क नियमन कायद्याखाली पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असते. व्यवस्थापनाने पुढच्या वर्षाच्या शुल्काचा प्रस्ताव सहा महिने आधी, हिशेबासह, तिच्यापुढे ठेवायचा असतो. पालकांनी प्रस्तावाबरोबर हिशेब मागितला नाही, तर समोर फक्त टक्केवारी येते आणि घासाघीस तिच्यावरच होते.

मुदत संपताना

मुख्याध्यापकांची बदली आणि समितीची मुदत एकाच उन्हाळ्यात आली की कागद गायब होतात. जुन्या समितीच्या शेवटच्या बैठकीत एक यादी करून दोन्ही अध्यक्षांच्या सह्या घ्या: प्रोसिडिंग वही (पाने किती, शेवटचा ठराव क्रमांक किती), कीर्द आणि पावत्यांची फाइल, पासबुकातली शिल्लक, साठा नोंदवही, चव नोंदवही, आराखड्याची पोच, आणि अपूर्ण ठरावांची वेगळी यादी. बँकेत सहीचा नमुना बदलायला नव्या समितीच्या निवडीचा ठराव लागतो. तो त्याच आठवड्यात द्या, नाहीतर जून-जुलैत गणवेशाचे पैसे खात्यात पडून राहतात आणि मुले जुन्याच कपड्यांत येतात.